रोज ग्रहण लावणारी दुर्बीण

आज आपण सूर्याबद्दल बोलणार आहोत, आणि बोलता बोलता गरोदर बाईबद्दलही. दोन्हींचा संबंध काय ते पुढे येईलच.

आपल्या अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव तुम्हाला ठाऊक आहे. मावळतीची किरणं एक दिवस देवीच्या पायांपर्यंत, दुसऱ्या दिवशी कमरेपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोचतात. पण पश्चिमेला ढग आला की ती मध्येच थांबतात आणि सगळे हळहळतात. सूर्याचा अभ्यास करणाऱ्यांची हळहळ अशीच, फक्त फार जुनी.

त्यांना बघायचं असतं सूर्याभोवतीचं फिकं वलय. त्याचं नाव करोना. दचकू नका, हे नाव त्या आजाराच्या कितीतरी आधीचं आहे. करोना म्हणजे मुकुट. हे वलय सूर्याभोवती सदासर्वकाळ असतं. पण सूर्याच्या थाळीपुढे ते जवळजवळ 10 लाख पटींनी मंद, म्हणून एरवी दिसत नाही. चंद्राने थाळी पूर्ण झाकली, म्हणजे खग्रास ग्रहण लागलं, तरच दिसतं. तेही मोजून काही मिनिटं.

या काही मिनिटांसाठी माणसं किती लांबून यायची! 18 ऑगस्ट 1868 चं खग्रास ग्रहण बघायला लेफ्टनंट जॉन हर्शेल हे इंग्रज अधिकारी यंत्रं घेऊन जमखंडीला आले होते. जमखंडी म्हणजे तेव्हाचं पटवर्धनांचं संस्थान, मिरजेच्या पलीकडे, आता कर्नाटकात. दिवस पावसाळ्याचे, ढगांची ये-जा चाललेली. तेवढ्या फटीतून त्यांनी सूर्याच्या कडेच्या ज्वाळा तपासल्या आणि त्या तापलेल्या वायूच्या आहेत हे ओळखलं. मग चंद्र सरकला, संपलं.

आता दुसरं चित्र बघा. रात्री बोळातून मोटारसायकल येते, दिवा डोळ्यांवर येतो, चालवणारा कोण ते कळत नाही. आपण काय करतो? दिव्यावर हात आडवा धरतो, की माणूस दिसतो. दुर्बिणीतही असंच सूर्याला झाकायची युक्ती बर्नार लिओ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1930 च्या सुमाराला काढली. पण पृथ्वीवरची हवा उजेड पसरवते, त्यामुळे दुर्बीण हवेच्या वर न्यावी लागते.

आपल्या देशाने ती नेली. 2 सप्टेंबर 2023 ला श्रीहरिकोट्याहून आदित्य-एल1 निघालं आणि 6 जानेवारी 2024 ला ठरल्या जागी पोचलं. ही जागा आपल्यापासून 15 लाख किलोमीटरवर. सूर्य 15 कोटी किलोमीटर लांब, म्हणजे शंभरातला एक हिस्साच वाट चालून झाली! पण तिथून सूर्य कधी मावळत नाही आणि मध्ये ढग नाही. यानावर सात यंत्रं आहेत. त्यातलं एक पुण्याच्या आयुकात तयार झालं. करोना बघणारी दुर्बीण मात्र बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेची. तिच्यातल्या एका आरशाला मधोमध भोक ठेवलंय. थाळीचा झगझगीत उजेड भोकातून पलीकडे जातो, त्याला बाहेरची वाट दाखवतात. भोकाभोवती पडतो तो कडेचा मंद उजेड, तोच पुढे कॅमेऱ्याकडे जातो. काय डोकं चालवलंय!

या सगळ्या मोहिमेच्या प्रकल्प संचालक होत्या निगार शाजी, तमिळनाडूतल्या सेंगोट्टईच्या, शेतकरी घरातल्या.

एवढा खटाटोप कशाला? एक कोडं आहे. चुलीपासून लांब गेलं की चटका कमी बसतो. सूर्याचं उलटं. पृष्ठभाग साधारण 5,500 अंश आणि त्याच्या वरचं वलय 10 लाख अंशांहून जास्त तापलेलं. असं का, याचं पुरतं उत्तर अजून मिळालेलं नाही. दुसरं कारण आपल्या घरापर्यंत येतं. या वलयातून कधी कधी वायूचे प्रचंड लोट सुटतात आणि एक ते तीन दिवसांत पृथ्वीपाशी येतात. मार्च 1989 मध्ये अशा वादळाने कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज नऊ तास घालवली. पावसाचा अंदाज देणारे उपग्रहसुद्धा या वादळांच्या तडाख्यात येतात. पंचगंगेला पूर येणाऱ्या आपल्या जिल्ह्याला तो अंदाज किती लागतो, हे आम्ही वेगळं सांगायला नको.

आता गरोदर बाईकडे येऊ. ग्रहणात तिने विळी धरायची नाही, सुईदोरा नाही, जेवायचं नाही, घोटभर पाणीसुद्धा नाही. का? तर ग्रहणात काहीतरी वाईट बाहेर पडतं म्हणून. पण ग्रहणात नवीन काहीच बाहेर पडत नाही. चंद्राची सावली पडते, इतकंच. करोना आधीही होता, नंतरही असतो. आदित्यच्या दुर्बिणीत तर सूर्याला रोजच झाकतात. बाळाचा ओठ दुभंगायचं कारण ग्रहण नाही. पोटुशी बाई तासन् तास उपाशी-तहानलेली राहिली, गोळ्या चुकल्या, तर त्रास मात्र खरा होतो. सासूबाईंशी भांडायला आम्ही सांगत नाही. पण आत्या, पाणी तरी पिऊ द्या की हो, एवढं तरी जावेने किंवा नणंदेने तिच्या वतीने म्हणावं.

2 ऑगस्ट 2027 ला, आषाढातल्या दिव्याच्या अवसेला, दुपारनंतर आपल्याकडे खंडग्रास ग्रहण आहे. ढगांनी जागा दिली तर बघायचं. उघड्या डोळ्यांनी नाही, एक्स-रेच्या फिल्ममधून नाही, पाण्याच्या परातीतही नाही. बचत गटाने मिळून ग्रहणाचे प्रमाणित चष्मे आणावेत. तेही नको असतील तर सूर्याकडे पाठ करून पुऱ्या तळायचा झारा उन्हात धरा आणि समोर पांढरा कागद ठेवा. प्रत्येक भोकातून एक उजेडाचा ठिपका पडेल आणि प्रत्येक ठिपका चंद्रकोरीसारखा खाल्लेला दिसेल. अंगणात पोरं जमतील, गरोदर बाईलाही खुर्ची टाकून बसवा.