साखर उंबरठ्यावर असताना

मधुमेह हा खात्यापित्या घरचा आजार, असं आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो. पण भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचे २०१७ सालचे निष्कर्ष वेगळं सांगतात. महाराष्ट्राच्या शहरी भागात मधुमेह कमी ऐपतीच्या घरांत जास्त आढळला.

बारा तासांची पाळी करणारा सुरक्षारक्षक घ्या. दिवसभर गोड चहा, दुपारी वडापाव, रात्री उशिरा भाताचा ढीग. डाळ-भाजी महाग म्हणून बेताची, झोप अर्धवट. तपासणीला जावं, तर खाडा पडून पगार कापला जातो.

उपाशीपोटी रक्तातली साखर १०० ते १२५ असेल, तर ती मधुमेहपूर्व अवस्था. तिची लक्षणं बहुधा जाणवत नाहीत. म्हणून तिशीनंतर प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर तपासून घ्याच. वेळीच कळलं, तर सावरता येतं. भारतातच झालेल्या एका अभ्यासात आहार आणि व्यायाम सुधारल्यावर मधुमेहाचा धोका सुमारे २८ टक्क्यांनी घटला.

रोज अर्धा तास भरभर चाला, चहातली साखर कमी करा, ताटात उसळ वाढवा. आणि घरकामाच्या ताईंना, वॉचमनदादांना तपासणीसाठी भरपगारी सुट्टी द्या.