सामाईक पाणी आणि सुटलेला शेजार

भुईगावासह वसईच्या पश्चिम पट्ट्यातील बावखल, म्हणजे वाडीच्या शिंपण्यासाठी खणलेले गोड्या पाण्याचे तळे, पुष्कळदा अनेक कुटुंबांच्या सामाईक वापराचे असे. त्यामुळे रहाटाची पाळी आणि गाळाचा उपसा यांसाठी, अबोला धरलेल्या शेजाऱ्याशीही बोलणे भाग पडे. पुढे विजेचे पंप आले, काही बावखले बुजवली गेली आणि माणसांना एकत्र आणणारे ते निमित्तही सरले. शेजारधर्म हा सद्भावनेइतकाच गरजेवर उभा होता, हे मान्य केल्याशिवाय आजच्या अलिप्ततेचे निदान होणार नाही.

२००९ मध्ये स्थापन झालेल्या वसई-विरार महानगरपालिकेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेतच बारा लाखांवर गेली होती. पहाटेची लोकल गाठून रात्री परतणाऱ्या माणसाला शेजाऱ्याचा चेहरा रविवारीच दिसतो, आणि म्हणून त्याला निर्दय म्हणणे अन्यायाचे ठरेल. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेओर्ग झिमेल यांनी १९०३ मध्येच दाखवले की, अगणित अनोळखी माणसांच्या सततच्या संपर्कात मन स्वतःच्या बचावासाठी तुटकपणा धारण करते.

मात्र या बचावाची किंमत भयंकर असू शकते. मुंबईच्या ओशिवरा भागात ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेहून परतलेल्या मुलाला सदनिकेत एकट्या राहणाऱ्या आईचा सांगाडाच आढळला. त्यांचे फोनवरील शेवटचे बोलणे एप्रिल २०१६ मध्ये झाले होते. गजबजलेल्या वसाहतीत हे घडावे, याची काही उकल डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांच्या १९६८ मधील प्रयोगात मिळते. दुसऱ्या खोलीत कोणाला तरी झटका आला आहे आणि तो केवळ आपल्यालाच ऐकू येत आहे, असे वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के मदतीला धावले. आणखी चौघे ऐकत आहेत असे वाटताच हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आले. ‘कोणीतरी पाहील’ या समजुतीने कर्तव्य अनेकांत वाटले जाऊन कोणाचेच उरत नाही, यालाच जबाबदारीचे विभाजन म्हणतात.

तेव्हा गरजेने जे घडत होते, ते आता ठरवून घडवावे लागेल. गृहनिर्माण संस्थांच्या सभांत पार्किंग आणि गळती यांवर तासन्‌तास चर्चा होते. त्याच सभेत एकट्या राहणाऱ्या प्रत्येक वृद्धाच्या दारी रोज कोणी जायचे, हे नावानिशी ठरवावे. ज्येष्ठांसाठीच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १४५६७ आहे. तो प्रत्येक इमारतीच्या सूचनाफलकावर लावावा.