चाळणीतला नियम



माझे शिक्षण शाळेत थोडे आणि कारखान्याच्या दारात अधिक झाले. तेव्हा जावास्क्रिप्ट या संगणकभाषेवर हा काय बोलणार, अशी शंका आपल्याला येणे साहजिक आहे. परंतु आज कामगाराची हजेरी, पगार आणि ग्रॅच्युइटी यांचा हिशेब बहुधा संगणकावर होतो. ज्या भाषेत आपल्या हक्काचा हिशेब मांडला जातो, ती थोडीतरी वाचता यावयास हवी.

ही भाषा 1995 साली ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत तयार केली. तीत क्रमवार यादीला अ‍ॅरे म्हणतात. कामगारांचे मस्टर हा असाच एक अ‍ॅरे समजा. 2009 च्या प्रमाण आवृत्तीत या याद्यांसाठी फिल्टर, मॅप आणि रिड्यूस ही फंक्शने आली. यांच्या हाती आपण नुसती यादी देत नाही, नियमही देतो. आणि तो नियम म्हणजे दुसरे एक फंक्शनच असते. मुकादमाला आपण ‘फाटकी पोती बाजूला काढ’ एवढेच सांगतो. एकेका पोत्यापाशी कसे जावयाचे ते त्याचे तो पाहतो. तसेच हे.

आता ग्रॅच्युइटी घ्या. 1972 च्या कायद्याने घालून दिलेली रीत अशी: शेवटचा मासिक पगार, म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्ता, भागिले 26, गुणिले 15, गुणिले नोकरीची वर्षे. फिल्टर ही चाळणी. ती पात्र कामगार निवडते. मॅप प्रत्येकाची रक्कम काढतो. पगार 26,000 आणि नोकरी 10 वर्षे असेल, तर 1,50,000 रुपये. रिड्यूस साऱ्या रकमा मिळवून मालकाचे एकूण देणे सांगतो.

सारे मर्म चाळणीच्या नियमात आहे. ‘पाच वर्षे किंवा अधिक’ याऐवजी कोणी ‘पाचापेक्षा अधिक’ लिहिले, तर बरोबर पाच वर्षे भरलेला कामगार गळतो. कामगाराचा मृत्यू झाला असता पाच वर्षांची अट नाही. हे लिहावयाचे राहिले, तर त्याची विधवा गळते. नोव्हेंबर 2025 मध्ये नवी सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली आणि ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतरच हा हक्क मिळाला. चाळणी जुनीच राहिली, तर तोही गळतो. संगणक मात्र कुरकुरत नाही. यादी लहान होते, बेरीज चोख येते आणि गळलेल्याचे नाव त्या कागदावर कोठेच नसते.

यावर उपाय त्या भाषेतच आहे. फिल्टर मूळ यादीला हात लावीत नाही. नवी यादी देतो. म्हणून उलटा नियम देऊन गळलेल्यांचीही यादी काढता येते, आणि दोन्ही याद्यांतील माणसे मिळून मस्टराएवढी भरली पाहिजेत. सॉर्टपाशी मात्र सावध राहावे. ते मूळ यादीचाच क्रम बदलते. शिवाय नियम न दिल्यास आकड्यांना शब्द समजते आणि 10 ला 9 च्या आधी बसविते.

तेव्हा मित्रहो, वाटाघाटीला बसाल तेव्हा नुसती बेरीज पाहून सही करू नका. चाळणीचा नियम वाचून दाखवा म्हणावे, आणि गळलेल्यांची यादी मागून घ्यावी.