नोकरीची शाश्वती आणि विद्येची शिदोरी



ज्युबिलीच्या ह्या मंगल समयीं नोकरीचाकरीची गोष्ट काढणें कित्येकांस अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्या घरची भाकर अनिश्चित, त्या घरची प्रार्थनाही चिंताग्रस्त असते. म्हणून माहिती-तंत्रज्ञानाच्या धंद्यांत शिरूं पाहणाऱ्या तरुणांस व त्यांच्या मातापित्यांस उद्देशून आम्ही आज दोन शब्द बोलणार आहों.

परळ-लालबागच्या माणसास नोकरीच्या शाश्वतीविषयीं आम्हीं नव्यानें काय शिकवावें? बाप गिरणींत जाई, त्याच्या मागून मुलगा जाई. भोंगा हाच घराचा भरंवसा. १८ जानेवारी १९८२ रोजीं संप सुरू झाला. सुमारें २,५०,००० कामगार त्यांत उतरले, आणि त्यांतील पुष्कळांस पुन्हां गिरणीचें दार उघडलें नाहीं. लोअर परळच्या कमला मिलच्या आवारांत आज कचेऱ्या आहेत. जेथें आजा मागावर उभा राहिला, तशाच ठिकाणीं आज नातू संगणकापुढें बसतो. परंतु संगणकाची नोकरी म्हणजे जन्माची सोय, असें मानणें ही जुनीच समजूत नव्या पोशाखांत होय. मुंबईंत १९६८ सालीं स्थापन झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची नोकरी स्थिर समजली जाई. त्या कंपनीनेंही २०२५ सालीं सुमारें १२,००० माणसें कमी करण्याचें जाहीर केलें.

मग शिक्षण कोणतें घ्यावें? पदवी ही दाराची किल्ली आहे. मोठ्या कंपन्या नवे उमेदवार निवडतांना बहुधा पदवी व गुण पाहतात. पण किल्लीनें दार उघडतें. आंत टिकणें तिच्या हातीं नाहीं. यंत्रास आज्ञा देण्याच्या भाषा बदलत राहतात. गणित, तर्कशुद्ध विचार व स्पष्ट लेखन हीं जन्मभर उपयोगीं पडतात. म्हणून दागिने गहाण ठेवून, नोकरीची हमी देणाऱ्या वर्गांत पैसे भरण्यापूर्वीं शांतपणें विचार करा. दहावीनंतर तीन वर्षांची अभियांत्रिकी पदविका घेऊन पुढें पदवीच्या दुसऱ्या वर्षांत प्रवेश मिळूं शकतो. आयआयटींतील अध्यापकांचे पाठ एनपीटीईएलवर विनामूल्य ऐकतां येतात. नोकरी लागली म्हणजे अभ्यास संपला असें नव्हे. खरा अभ्यास तेथूनच सुरू होतो.

आणखी एक गोष्ट सांगणें आमचें कर्तव्य आहे. ज्याची नोकरी जाते तो घरीं सांगत नाहीं, आणि रविवारीं मिस्सेस येण्यासही संकोचतो. ही लाज अनाठायीं आहे. गिरणी-संपापूर्वीं चारच महिने, सप्टेंबर १९८१ मध्यें, पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनीं आपल्या परिपत्रकांत शिकविलें कीं, कामाचें मोल तें करणाऱ्या माणसामुळें आहे. तेव्हां काम गेल्यानें माणसाचें मोल कसें जाईल? २०२५ सालीं निवडून आलेल्या पोपमहाशयांनीं तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या युगांत श्रमाची प्रतिष्ठा राखली जावी, हाही हेतु मनांत धरून लिओ हें नांव घेतलें. कारण कामगारांच्या हक्कांविषयीं १८९१ सालीं परिपत्रक काढणारे तेरावे लिओच होते.

प्राचीन इस्राएलांत ज्युबिलीचें वर्ष म्हणजे गमावलेली जमीन मूळ धन्यास परत मिळण्याचें वर्ष. आपल्याजवळ वांटावयास जमीन नाहीं. पण ज्यांस नोकरी आहे त्यांनीं महिन्यांतून एक सायंकाळ नवशिक्यांस द्यावी, आणि ज्याची नोकरी गेली त्याच्या दारीं शेजाऱ्यानें आधीं जावें. गेलेली उमेद परत मिळाली, तरच आपली ज्युबिली खरी. प्रभु तुम्हां सर्वांच्या श्रमांस आशीर्वाद देवो.