भोरड्यांचं वेळापत्रक



आपल्या धुळे-जळगावकडे दादर ज्वारी हुरड्यात आली, की गोफण घेऊन माळ्यावर बसावं लागतं. शेकडो पाखरांचा थवा एकदम वळतो, कणसांवर उतरतो, हाकारा झाला की उठून शेजारच्या शेतात बसतो. ही भोरडी, साळुंकीच्या कुळातली. अंग गुलाबी, डोकं, पंख, शेपूट काळी, डोक्यावर तुरा. यंदाची पिल्लं मात्र मातकट. फाल्गुनात पळसावर मध प्यायलाही हीच.

हिचं घरटं इथे कधीच दिसणार नाही. वीण होते मध्य आशियाच्या माळरानांवर, दगडांच्या कपारींत, मे-जूनमध्ये. तेव्हा तिथे टोळ-नाकतोडे उदंड असतात आणि पिल्लांना तेच लागतात. पिल्लं उडती झाली की मुक्काम हलतो. जुलै-ऑगस्टमध्येच पहिले थवे पश्चिम भारतात येऊ लागतात. तिकडे तेव्हा थंडीचा पत्ता नसतो! म्हणजे थंडीला भिऊन पाखरं येतात, हे अर्धंच खरं. अन्न आटण्याआधी निघाली ती तगली, रेंगाळली ती मागे पडली. पिढ्यान्‌पिढ्या असं होत ही सवय रक्तात उतरली. दिवसाचा उजेड कमी-जास्त होऊ लागला की स्थलांतरी पाखरांच्या अंगात चरबी साठू लागते. पिंजऱ्यातलं पाखरूसुद्धा त्या दिवसांत तडफडतं.

पण वाट कोण दाखवतं? भोरडीची युरोपातली बहीण म्हणजे स्टार्लिंग. पर्डेक या डच शास्त्रज्ञाने स्थलांतराच्या वाटेवरच्या ११,०००हून अधिक स्टार्लिंग हॉलंडमध्ये पकडून स्वित्झर्लंडमध्ये सोडल्या. १९५८ साली निष्कर्ष छापून आले. जाणत्या पाखरांनी दिशा बदलली आणि नेहमीचा मुलूख गाठायला निघाली. पहिल्यांदाच निघालेली पिल्लं जुन्याच दिशेने सरळ उडत राहिली आणि स्पेनपर्यंत भरकटली. दिशा जन्मजात मिळते, ठिकाण मात्र एकदा जाऊन आल्यावरच कळतं. मला यात फार मोठी गोष्ट दिसते: थव्यातली जुनी पाखरं मारली, तर ठिकाणाची ओळखही जाते.

भोरडी दादर खाते, नुकसान करते, हे खरंच. पण पावसाळ्यात बांधावरचे नाकतोडे आणि अळ्या वेचते तीही हीच. म्हणून गोफण जरूर फिरवा, डबे वाजवा. विष मात्र घालू नका. आणि ज्या बाभळींवर ती रात्री वस्तीला येते, त्या बाभळी राखा. एप्रिल सरता सरता ती टोळांच्या मुलखाला निघते, आणि तोवर आपली दादर केव्हाच खळ्यावरून घरात आलेली असते.