गाडीत बसल्यावर काय बोलायचं?

(सोसायटीच्या कोजागरी कार्यक्रमात केलेलं भाषण. संपादक मंडळाच्या सांगण्यावरून थोडं नीटनेटकं करून लिहून दिलं आहे.)



सांस्कृतिक समितीने मला विषय दिला, जुन्नर-आंबेगावची सहल. आता कुठे राहायचं, किती किलोमीटर, कुठे जेवायचं, हे मोबाईल माझ्यापेक्षा बरं सांगतो. त्यामुळे तो जे सांगत नाही तेवढंच मी बोलणार आहे. पुण्याहून निघाल्यावर गाडीतले तीन-चार तास एकमेकांशी बोलायचं काय?

हसू नका. पंचवीस वर्षं एकाच जिन्याने चढउतार केलेली माणसं एका गाडीत बसली, की चाकणपर्यंत पाण्याचा टँकर, राजगुरुनगरपर्यंत मुलांची पॅकेजं, आणि मंचर येईस्तोवर जो तो आपापल्या मोबाईलमध्ये. बाहेर पाऊस, हिरवे डोंगर, आणि आत सगळे शांत. गेल्या पावसाळ्यात आम्ही नऊ जण दोन गाड्यांतून गेलो, तेव्हा हे होऊ द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. माझं आजोळ घोडेगावच्या बाजूचं, त्यामुळे रस्ता पाठ आहे.

माझी पद्धत साधी आहे. प्रश्न खिडकीबाहेरून उचलायचा. ‘तुमच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं दुःख कोणतं?’ असं एकदम विचारलं तर माणूस काच खाली करून बाहेर बघायला लागतो. त्यापेक्षा समोर जे दिसतंय त्याची दोन वाक्यांत माहिती द्यायची आणि त्याचाच धागा धरून विचारायचं. आणि हो, पहिलं उत्तर आपण स्वतः द्यायचं. नाहीतर ती मुलाखत होते.

आता उदाहरण. मंचरहून भीमाशंकरच्या रस्त्याला लागलं की घोडेगाव लागतं. आंबेगाव तालुक्याची कचेरी इथे, मोठी बाजारपेठ मंचरला. मग आंबेगाव कुठे? ते पुढे डिंभे धरणाच्या पाण्याखाली. ज्या गावाचं नाव अख्ख्या तालुक्याला आहे, ते गावच घोड नदीच्या फुगवट्यात गेलं. जलाशयाला नाव आहे हुतात्मा बाबू गेनू सागर. बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे, मुंबईत गिरणी कामगार. परदेशी कापडाची लॉरी अडवताना १२ डिसेंबर १९३० रोजी तिच्याखाली गेले. वय अवघं बावीसच्या आसपास.

पाण्याच्या कडेला गाडी थांबवली, भजी मागवली आणि मी विचारलं, “उद्या आपलं घर सोडून जायचंय, परत येणं नाही. भांडीकुंडी, दागिने, कागदपत्रं सगळं ट्रकमध्ये भरून झालंय. शेवटी हातात एक वस्तू घेऊन जिना उतरायचा आहे. काय घ्याल?”

हा प्रश्न मी मुद्दाम विचारला होता, हे इथे बसलेल्या सगळ्यांना कळलंच असेल. आपल्याकडे पुनर्विकासाचा विषय निघाल्यापासून सर्वसाधारण सभेत काय काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या गाडीत आमच्या विंगमधले अण्णा आणि भाऊ दोघेही होते. एक बाजूने, एक विरोधात. आठ महिने एकमेकांशी शब्द नाही. लिफ्टमध्ये एक असला तर दुसरा गुडघे दुखत असूनही जिन्याने जायचा. त्यांना एका गाडीत बसवलं म्हणून घरातून मी बोलणी खाल्ली होती.

पहिलं उत्तर माझं. मी म्हटलं, दाराच्या चौकटीवरच्या पेन्सिलच्या खुणा, मुलांची उंची मोजलेल्या. त्या नेता येत नाहीत, तरी फोटो काढीन. मग एका वहिनींनी तुळस म्हटलं, कुणी देव म्हटलं. भाऊ बराच वेळ पाण्याकडे बघत होते. मग म्हणाले, “दाराची बेल.” सगळे हसले. ते म्हणाले, “नाही, खरंच. ती बसवून दिली अण्णांनी. पझेशन मिळालं त्या दिवशी वायरमन आला नव्हता. ही पहिली वाजली ती आईने दाबली. नंतर दोन महिन्यांनी गेली ती.” अण्णांनी भज्यांची प्लेट त्यांच्याकडे सरकवली आणि म्हणाले, “ती बेल मी चुकीची जोडली होती. म्हणून अजून घरघर करते.” आठ महिन्यांनंतरचं हे पहिलं वाक्य.

मतं काही बदलली नाहीत, बरं का. परवाच्या सभेतही दोघांनी दोन बाजूंनीच हात वर केले. पण सभा संपल्यावर खाली एकत्र चहा घेतला, तो मी पाहिला आहे.

त्याच रस्त्याला पुढे आत वळलं की माळीण. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगराचा कडा गावावर आला आणि दीडशेच्या वर माणसं गेली. गाव दिसत नाही हे आधी एसटीच्या चालकाच्या लक्षात आलं. त्या फाट्यावर मी काही विचारत नाही. गाडीतलं गाणंही बंद करतो.

जुन्नरकडची गंमत वेगळी आहे. चावंडवरून नाणेघाटात गेलात, तर घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचा फास्टॅग. लगेच पहिल्या पगाराचा विषय काढता येतो. पण खरा प्रश्न गुहेतल्या भिंतीवर आहे. सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला लेख. यज्ञात किती गाई दिल्या, किती घोडे, किती कार्षापण, सगळा हिशोब आकड्यांसकट कोरलेला. आपल्याकडच्या आकड्यांच्या सर्वांत जुन्या खुणांमध्ये तो मोजतात. आपल्या खजिनदारांनी अवश्य बघावा, इतकी वर्षं टिकलेला ताळेबंद दुसरीकडे मिळायचा नाही. तिथे विचारायचं, “आपण आयुष्यात कुणाला काय दिलं, ते दगडावर कोरायचं ठरलं तर एकच ओळ कुठली?” आमच्यातल्या एका वहिनी, ज्या कधी फारशा बोलत नाहीत, त्या म्हणाल्या, “धाकट्या दिराचं इंजिनिअरिंग. माझ्या पाटल्या.” त्यांच्या यजमानांना हे बेचाळीस वर्षांनी कळलं. परतीच्या वाटेवर ते गप्प होते, पण ते गप्प बसणं निराळं होतं.

नारायणगावच्या पूर्वेला खोडद. तिथल्या महादुर्बिणीच्या तीस अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिल्या. चौदा मधल्या भागात दाटीने, बाकीच्या सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन बाजूंना लांब पसरलेल्या. आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओलहरी त्या टिपतात, म्हणून जवळ मोबाईल चालत नाहीत. सहलीसाठी यापेक्षा चांगली जागा कुठली? इथला प्रश्न, “तुमच्या घरात कुणाचं बोलणं ऐकायचं राहून गेलं?”

खुद्द नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. विठाबाईंचं गाव. जत्रांचा हंगाम जवळ आला की गावोगावचे कारभारी इथे फडांच्या राहुट्यांवर सुपारी द्यायला येतात. पुरुषांना विचारा, घरी न सांगता पाहिलेला पहिला तमाशा किंवा सिनेमा कोणता. बायकांना मात्र वेगळं विचारा, कारण त्यांना कुणी जाऊच दिलं नव्हतं. काय पाहायचं राहिलं, ते विचारा. यादी लांब निघते. जेवायला मासवडी असतेच. तिच्यात मासा नाही, फक्त आकार. यावरून प्रत्येकाच्या आजीच्या फसव्या पदार्थांचे किस्से निघतात, मला काही करावंच लागत नाही. मुलं बरोबर असतील तर हापूसबाग गावाची पाटी दाखवा आणि आंबे शोधायला सांगा. नाव मूळचं हबशीबाग, असं तिथले लोक सांगतात. उसाच्या पट्ट्यातून संध्याकाळी जाताना बिबट्याचा विषय आपोआप निघतो. तेव्हा गाडी हळू चालवा, आणि लघुशंकेसाठी कडेला उतरू नका. हे थट्टेने सांगत नाही.

काही गोष्टी मात्र मी गाडीत वर्ज्य केल्यात. मुलांचे पगार, कुणाच्या सुनेचा स्वयंपाक, आणि निवडणूक. औषधांची यादी एकदाच, तीही चहाच्या आधी. कुणी उत्तर द्यायचं टाळलं तर पुन्हा विचारायचं नाही.

डिसेंबरच्या सहलीसाठी नावं बी विंगच्या फलकावर लिहायची आहेत. पन्नास जागांची बस आहे. आसनं मी ठरवणार, नवरा-बायको शेजारी बसवणार नाही, तक्रारी सचिवांकडे कराव्यात. आणि लेण्याद्रीच्या पायऱ्या चढताना मला कुणी काही विचारू नका. तीनशेच्या आसपास आहेत, वर पोचेपर्यंत माझ्याच्याने बोलणं होत नाही.