वृद्धीवाचून राष्ट्राचा संसार चालेल काय?



दिवाळीला नवी वही उघडताना व्यापाऱ्याच्या मनात एकच प्रश्न असतो : गतवर्षापेक्षा विक्री किती वाढली? राष्ट्रेही हाच प्रश्न विचारतात. परंतु विक्री न वाढताही एखादी पेढी सुखाने चालते. तद्वत राष्ट्राचा संसार वृद्धीवाचून चालेल काय? जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताने १८४८ सालीच अशा स्थिर अवस्थेचे स्वागत केले होते. धनाची वाढ थांबली तरी मनुष्याची उन्नती थांबण्याचे कारण नाही, असे त्याचे मत होते. पुढे जपानच्या वाट्याला ही कसोटी न मागता आली.

महायुद्धात उद्ध्वस्त झालेला जपान १९७३ पर्यंत दोन दशके विलक्षण वेगाने वाढला. १९८९ अखेर टोकियोचा निक्केई निर्देशांक ३८,९१५ वर पोहोचला. नंतर शेअर आणि जमीन दोहोंचे भाव कोसळले. निर्देशांकाचा तो आकडा ओलांडण्यास फेब्रुवारी २०२४ उजाडावा लागला. चालू किमतींत मोजलेले देशाचे उत्पादन १९९७ च्या तुलनेत २०१२ साली कमीच भरले.

तरीही देश मोडला नाही. बेकारी सहा टक्क्यांच्या आत राहिली. सरासरी आयुर्मान १९९० मधील सुमारे ७९ वर्षांवरून ८४ वर्षांपर्यंत गेले. काम करणारे हात १९९० च्या दशकाच्या मध्यापासून घटत गेले, पण प्रत्येक हाताचे उत्पादन वाढत राहिले. शिक्षण, बचत आणि १९६१ पासून सर्वांना लाभलेला आरोग्य विमा ही पूर्वपुण्याई गाठीशी होती.

मात्र खात्याला नावेची बाजूही असते. व्याज, निवृत्तिवेतन, बढती ही सारी उद्याच्या वाढीव उत्पन्नावर दिलेली वचने होत. उत्पन्न वाढेना, तेव्हा सरकारी कर्ज वार्षिक उत्पादनाच्या दुपटीहून अधिक झाले. कंपन्यांनी जुन्या नोकरांना सांभाळले आणि नव्या तरुणांसाठी दार अरुंद केले. कायम नसलेल्या नोकऱ्या एक पंचमांशावरून एक तृतीयांशाच्या वर गेल्या. शिकलेल्या मुलांची एक अख्खी पिढी हंगामी कामात अडकली. कित्येकांचे विवाह राहून गेले.

श्रावक परिग्रहाचे परिमाण स्वतः ठरवतो. जपानवर ती मर्यादा येऊन पडली, आणि तिचा भार सर्वांत शेवटी आलेल्यांनी वाहिला. भेद येथेच आहे. ज्या देशात अद्याप घर, औषध आणि शाळा सर्वांना पुरत नाहीत, त्याला वाढ हवीच. मर्यादेचा उपदेश प्रथम भरल्या घराने ऐकावा. परंतु भरल्या घरालाही वृद्धीवाचून नांदायचे असेल, तर कर्ज आधी हलके करावे लागेल आणि तोटा समान वाटून घ्यावा लागेल.

विक्री न वाढलेल्या वर्षी पेढीवरील सर्वांत नव्या मुलाचे काय झाले, यावरूनच मालकाची परीक्षा होते. राष्ट्राचीही तीच परीक्षा आहे.